वेर्नर फॉन ब्राउन

वेर्नर फॉन ब्राउन (२३ मार्च, इ.स. १९१२:विर्झिट्स, जर्मन साम्राज्य - १६ जून, इ.स. १९७७:अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया, अमेरिका) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन रॉकेट अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धात वापरले गेलेले व्ही-२ हे पहिले लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र आणि माणसाला चंद्राकडे नेणारे सॅटर्न ५ हे रॉकेट, ही दोन्ही त्यांच्या नेतृत्वाखाली घडली. शिक्षणाने ते यंत्र अभियंते होते. अवकाशयान हा विषय जगातील कोणत्याही विद्यापीठात शिकवला जात नव्हता, त्या काळात त्यांनी त्याचे पदव्युत्तर संशोधन केले. ते शक्य झाले ते जर्मन लष्कराच्या पैशावर आणि लष्कराच्या अटींवर. वयाच्या २२व्या वर्षी लिहिलेला त्यांचा प्रबंध २६ वर्षे गोपनीय राहिला. त्यांच्या पुढील आयुष्यातील यश आणि कलंक या दोहोंची मुळे या चार-पाच वर्षांत सापडतात. त्यामुळे त्यांच्या चरित्रात विद्यार्थिदशेला एरवीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

बालपण

फॉन ब्राउन यांचा जन्म प्रशियातील एका सरदार घराण्यात झाला. त्यांचे जन्मगाव आज पोलंडमध्ये असून विझिस्क या नावाने ओळखले जाते. वडील माग्नुस फॉन ब्राउन हे सनदी अधिकारी होते व पुढे १९३२-३३ साली जर्मनीचे कृषिमंत्री झाले. आई एमी फॉन क्विस्टोर्प या सुशिक्षित व खगोलशास्त्राची आवड असलेल्या होत्या. तीन भावांत वेर्नर मधले. पहिल्या महायुद्धानंतर विर्झिट्स पोलंडकडे गेल्यावर कुटुंब १९२० साली बर्लिनला स्थायिक झाले.

ख्रिस्ती धर्मदीक्षेच्या प्रसंगी मुलाला घड्याळ भेट देण्याची रीत असताना आईने त्यांना दुर्बीण दिली. आकाशाचे वेड तेव्हापासूनचे. साधारण बाराव्या वर्षी त्यांनी एका लहान चारचाकी गाड्याला शोभेचे बाण बांधून तो बर्लिनच्या गजबजलेल्या रस्त्यावर सोडला आणि पोलिसांनी त्यांना पकडून वडिलांच्या स्वाधीन केले, हा प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो.

शाळेत मात्र गणित व भौतिकशास्त्र हेच त्यांचे कच्चे विषय होते. १९२५ साली त्यांना वायमारजवळील एटर्सबुर्ग किल्ल्यातील निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे असताना त्यांनी हेर्मान ओबर्थ यांचे ग्रहांतराळात जाणाऱ्या रॉकेटांविषयीचे १९२३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मागवले. पाने उघडताच त्यांना समीकरणांखेरीज काही दिसेना. ज्या पुस्तकासाठी आतुर झालो ते वाचताच येत नाही, हे लक्षात आल्यावर या मुलाने गणिताचा ध्यास घेतला. १९२८ साली ते उत्तर समुद्रातील श्पीकरओग बेटावरील शाळेत गेले आणि १९३० साली नेहमीपेक्षा एक वर्ष आधीच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. शिक्षकांच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की ओबर्थ यांचे ते पुस्तक म्हणजे मुळात हायडेलबर्ग येथे डॉक्टरेटसाठी लिहिलेला आणि नाकारला गेलेला प्रबंध होता.

यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण

१९३० साली फॉन ब्राउन यांनी बर्लिनमधील शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रमहाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. जर्मन पद्धतीनुसार विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कारखान्यात उमेदवारी करावी लागे. त्यांची उमेदवारी बोर्झिग या रेल्वे इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात झाली. तेथील फोरमनने या सरदारपुत्राच्या हाती लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि कानस दिली व त्यातून अचूक घन करून आणण्यास सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. प्रत्येक वेळी एखादा कोन चुके आणि तुकडा परत येई. अखेर फोरमनचे समाधान झाले तेव्हा मुठीएवढ्या तुकड्याचा अक्रोड झाला होता. आयटीआयच्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी कानशीने घासलेला तुकडा गुण्याला लावून पाहिलेल्या विद्यार्थ्यास यात नवल वाटणार नाही. पुढे ज्या झडपा आणि पंपांवर त्यांचे आयुष्य गेले, त्यांत मिलिमीटरच्या अंशाची चूकही स्फोटाला पुरेशी असे.

अभ्यासक्रमात उष्मागतिकी, पदार्थबल, द्रायुयामिकी, यंत्ररचना हे विषय होते, रॉकेट नव्हते. ती उणीव महाविद्यालयाबाहेर भरून निघाली. १९२७ साली स्थापन झालेल्या अंतराळप्रवास मंडळाचे ते सदस्य झाले आणि १९३०च्या उन्हाळ्यात ओबर्थ यांच्या शंकूच्या आकाराच्या छोट्या द्रवइंधन इंजिनाच्या चाचणीत त्यांनी मदतनीस म्हणून काम केले. त्याच वर्षी रुडोल्फ नेबेल, क्लाउस रीडेल आदींनी बर्लिनच्या रायनिकेनडोर्फ भागात लष्कराचे पडीक दारूगोळा कोठार नाममात्र भाड्याने घेऊन तेथे प्रयोग सुरू केले. त्या जागेला त्यांनी रॉकेट विमानतळ असे भारदस्त नाव दिले होते. मंदीचा काळ, बेकार झालेले कारागीर, उधारीवर आणलेले ॲल्युमिनियम आणि द्रवरूप ऑक्सिजन, अशी ती प्रयोगशाळा होती. फॉन ब्राउन महाविद्यालयातून सुटून तेथे जात.

१९३१ साली त्यांनी झुरिकच्या तंत्रविद्यापीठात काही काळ अध्ययन केले. तेथे वैद्यकशास्त्राचा एक अमेरिकन विद्यार्थी कॉन्स्टंटाइन जेनेरालेस याच्यासह त्यांनी सायकलच्या चाकावर उंदीर बांधून, चाक वेगाने फिरवून, प्रवेगाचा सजीवांवर होणारा परिणाम तपासला. काही उंदीर दगावले आणि घरमालकिणीने हा उद्योग बंद पाडला. माणूस रॉकेटमध्ये बसला तर त्याचे काय होईल, हा प्रश्न त्यांनी यंत्राच्या प्रश्नाइतकाच आधी विचारला होता, एवढे यातून दिसते.

१९३२ साली त्यांना यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळाली.

लष्कराचा प्रस्ताव

व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर जड तोफखान्याबाबत बंधने घातली होती. त्या तहात रॉकेटांचा उल्लेख नव्हता. लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागातील कार्ल बेकर आणि वाल्टर डोर्नबेर्गर हे अधिकारी या फटीकडे लक्ष ठेवून होते. १९३२च्या उन्हाळ्यात रायनिकेनडोर्फच्या मंडळींनी बर्लिनच्या दक्षिणेकडील कुमर्सडोर्फ येथील लष्करी मैदानावर आपले रॉकेट उडवून दाखवले. ते ठरलेल्या उंचीपर्यंत पोहोचलेच नाही. अधिकाऱ्यांचे रॉकेटाविषयी मत चांगले झाले नाही, पण त्या गटातील विशीच्या तरुणाविषयी झाले. लष्कर पैसा, जागा आणि यंत्रसामग्री देईल. मात्र काम कुंपणाआड, गोपनीयतेत आणि शास्त्रशुद्ध मोजमापांसह व्हावे, अशी बेकर यांची अट होती. फॉन ब्राउन यांनी या कामावरच डॉक्टरेट करावी असे ठरले.

नेबेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांना लष्कराचा अंमल नको होता. फॉन ब्राउन यांनी प्रस्ताव स्वीकारला. त्या वेळी हिटलर सत्तेवर आलेला नव्हता, हे त्यांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते आणि ते खरे आहे. परंतु अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी १९३३मध्ये, तो आला आणि करार तसाच पुढे चालू राहिला. हौशी मंडळाचे काम पुढील वर्षभरात आटोपले. १९३४ सालापासून रॉकेट तंत्राविषयी जाहीर लिहिण्यावरही निर्बंध आले. जर्मनीत हा विषय शिकण्याचा एकच मार्ग उरला आणि तो लष्करी मैदानातून जात होता.

गोपनीय प्रबंध

पदवी तंत्रमहाविद्यालयाची असली तरी डॉक्टरेटसाठी त्यांची नोंदणी बर्लिनच्या फ्रीडरिश-विल्हेल्म विद्यापीठात भौतिकशास्त्रात झाली. तेथील प्राध्यापक एरिश शूमान हे लष्करी संशोधनाचेही अधिकारी होते, त्यामुळे गुपित घरातच राहणार होते. विद्यार्थ्याची प्रयोगशाळा म्हणजे कुमर्सडोर्फचा चाचणीकट्टा.

डिसेंबर १९३२मध्ये तेथील पहिल्या चाचणीच्या वेळी फॉन ब्राउन यांनी लांब काठीच्या टोकाला पेटत्या पेट्रोलचा डबा बांधून तो इंजिनाच्या तोंडाशी धरला. इंजिन पेटण्याऐवजी फुटले आणि कट्टा उद्ध्वस्त झाला. कोणी जखमी झाले नाही. १९३४ साली मात्र त्याच मैदानावर दुसऱ्या एका प्रयोगात कुर्ट वामके हे संशोधक आणि त्यांचे दोन साहाय्यक स्फोटात मरण पावले. हा विषय पुस्तकातून शिकता येत नव्हता, आणि प्रयोगातून शिकण्याची किंमत अशी होती.

प्रबंधाचा गाभा समजून घेण्यासाठी द्रवइंधन रॉकेटची अडचण लक्षात घेतली पाहिजे. शोभेच्या बाणातील दारू घन असते. एकदा पेटली की तिच्यावर ताबा राहत नाही. द्रवइंधनाच्या रॉकेटमध्ये अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजन वेगवेगळ्या टाक्यांतून ज्वलनकक्षात सोडतात. एका बाजूला उणे १८३ अंशांच्या आसपासचा ऑक्सिजन, तर काही वितींवर धातू वितळवील अशी ज्वाला. कक्षाची भिंत टिकावी म्हणून इंधनच आधी तिच्या दुहेरी आवरणातून फिरवून मग जाळायचे. दोन्ही द्रव योग्य प्रमाणात, योग्य क्षणी आणि बारीक तुषार होऊन मिसळले पाहिजेत. क्षणभर उशीर झाला तर साठलेले मिश्रण एकदम पेटते. यांशिवाय रॉकेट सरळ कसे राहील हा प्रश्न होताच. फॉन ब्राउन यांनी या प्रत्येक बाबीचे सिद्धांत, रचना आणि चाचण्यांतील मोजमापे एकत्र मांडली. सुमारे ३०० किलो रेटा देणारे इंजिन आणि ए-१ व ए-२ ही रॉकेटे हे त्याचे प्रत्यक्ष फलित. ए-१मध्ये स्थैर्यासाठी जड फिरते चक्र नाकाशी बसवले होते, त्यामुळे तोल बिघडत होता. ते कधी उडाले नाही. ए-२मध्ये चक्र दोन टाक्यांच्या मधोमध आणले. डिसेंबर १९३४मध्ये उत्तर समुद्रातील बोर्कुम बेटावरून अशी दोन रॉकेटे सोडण्यात आली आणि ती सुमारे दोन किलोमीटर उंच गेली.

पदवी २७ जुलै १९३४ रोजी प्रदान झाली. प्रबंधाचे खरे शीर्षक द्रवरॉकेटच्या समस्येविषयीच्या रचनात्मक, सैद्धांतिक आणि प्रायोगिक कार्याचे होते. विद्यापीठाच्या दप्तरी मात्र ज्वलनाच्या प्रयोगांविषयी असे बिनरंगाचे नाव नोंदवण्यात आले. मूळ प्रबंध लष्कराच्या कपाटात गेला आणि १९६० साली जर्मन रॉकेट संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. प्रबंध म्हणजे विद्वज्जनांसमोर ठेवलेला, कोणीही तपासू शकेल असा पुरावा, या विद्यापीठीय परंपरेला येथे छेद गेला, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

पेनेम्युंडे

कुमर्सडोर्फ अपुरे पडू लागल्यावर बाल्टिक समुद्रकिनारी पेनेम्युंडे येथे मोठे संशोधन केंद्र उभारण्यात आले. ही जागा त्यांच्या आईने सुचवली होती. त्यांचे आजोबा तेथे बदकांच्या शिकारीला जात. १९३७ साली २५ वर्षांचे फॉन ब्राउन तेथील तांत्रिक संचालक झाले. त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. १९४० साली ते एसएस संघटनेत गेले व १९४३पर्यंत मेजरच्या समकक्ष हुद्द्यावर पोहोचले. सदस्यत्व नाकारले असते तर कार्य सोडावे लागले असते, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे दिले.

सप्टेंबर १९३९च्या अखेरीस, महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नसताना, जर्मनीतील तंत्रविद्यापीठांतून ३६ प्राध्यापकांना पेनेम्युंडे येथे बोलावण्यात आले. दिशादर्शन, वायुगतिकी, रेडिओ संदेश यांतील प्रश्न त्यांना वाटून देण्यात आले. डार्मष्टाट आणि ड्रेस्डेन येथील प्रयोगशाळांनी त्यात मोठा भाग उचलला. फॉन ब्राउन यांच्या प्रबंधाच्या वेळी एका विद्यार्थ्यापुरती असलेली व्यवस्था आता देशभर पसरली.

३ ऑक्टोबर १९४२ रोजी ए-४ रॉकेट यशस्वीपणे उडाले व ८०हून अधिक किलोमीटर उंची गाठून सुमारे १९० किलोमीटरवर पडले. हेच पुढे व्ही-२ नावाने ओळखले गेले. १४ मीटर लांबी, सुमारे साडेबारा टन वजन, २५ टनांचा रेटा आणि सुमारे ३२० किलोमीटरचा पल्ला, असे त्याचे स्वरूप होते. त्याचे इंजिन मुख्यतः वाल्टर टील यांनी घडवले. जुलै १९४३मध्ये हिटलरने फॉन ब्राउन यांना प्राध्यापक ही पदवी बहाल केली.

मिटेलवेर्क आणि डोरा

ऑगस्ट १९४३मध्ये ब्रिटिश विमानदलाने पेनेम्युंडेवर बाँबहल्ला केला. त्यात टील मारले गेले. परंतु मृतांत सर्वाधिक संख्या जवळच्या छावणीतील परदेशी मजुरांची होती. यानंतर क्षेपणास्त्रांचे उत्पादन नोर्डहाउझेनजवळ डोंगरातील बोगद्यांत हलवण्यात आले. मिटेलवेर्क नावाच्या या कारखान्यासाठी बुखेनवाल्ड छळछावणीतून कैदी आणण्यात आले. त्यांची छावणी डोरा या नावाने ओळखली जाई.

पहिले काही महिने कैदी बोगद्यातच राहत. सुरुंगांची धूळ, थंडी, पाण्याचा आणि स्वच्छतेचा अभाव, उपासमार आणि मारहाण यांमुळे माणसे भराभर मरत. घातपाताच्या संशयावरून उघड फाशी दिली जाई. डोरा व तिच्या उपछावण्यांतून गेलेल्या सुमारे ६०,००० कैद्यांपैकी सुमारे २०,००० मरण पावले. सप्टेंबर १९४४पासून लंडन, अँटवर्प आदी शहरांवर तीन हजारांहून अधिक व्ही-२ डागण्यात आली आणि त्यांत हजारो लोक मारले गेले. तरीही हे शस्त्र बनवणाऱ्या यंत्रणेत मेलेल्यांची संख्या शस्त्राने मेलेल्यांहून अधिक भरते.

फॉन ब्राउन मिटेलवेर्कला अनेकदा गेले होते. ऑगस्ट १९४४मधील त्यांच्या एका पत्रात, कुशल कैदी निवडण्यासाठी आपण बुखेनवाल्डला जाऊन आल्याचा उल्लेख आहे. युद्धानंतर त्यांनी बोगद्यांतील परिस्थिती भयंकर होती हे मान्य केले, पण आपण कोणाला मरताना किंवा मार खाताना पाहिले नाही व परिस्थिती बदलणे आपल्या हाती नव्हते, अशी भूमिका घेतली. ते या व्यवस्थेचे निर्माते नव्हते. ती एसएसने उभारली होती. परंतु तिची त्यांना माहिती होती आणि त्यांनी तिचा उपयोग करून घेतला, हे कागदपत्रांवरून स्पष्ट आहे.

मार्च १९४४मध्ये गेस्टापोने त्यांना अटक करून सुमारे दोन आठवडे श्टेटिन येथे ठेवले. शस्त्रांऐवजी अवकाशप्रवासाच्या गप्पा मारणे आणि युद्धाविषयी निराशेचे उद्गार काढणे असे आरोप होते. डोर्नबेर्गर व मंत्री आल्बेर्ट श्पेअर यांच्या मध्यस्थीने ते सुटले. ही अटक पुढे अमेरिकेत त्यांच्या फार उपयोगी पडली. डोराविषयी तेथे बराच काळ कोणी विचारले नाही.

अमेरिकेत

युद्धाच्या अखेरीस त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १४ टन तांत्रिक कागदपत्रे एका खाणीत लपवली. २ मे १९४५ रोजी धाकटा भाऊ माग्नुस सायकलवरून जाऊन अमेरिकन सैनिकांना भेटला आणि फॉन ब्राउन यांचा गट शरण आला. पेपरक्लिप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली त्यांना सहकाऱ्यांसह अमेरिकेत नेण्यात आले. त्यांच्याविषयीच्या सुरक्षा अहवालांतील प्रतिकूल शेरे पुढे सौम्य करण्यात आले. १९४७ साली त्यांनी मारिया लुईझ फॉन क्विस्टोर्प या आपल्या मामेबहिणीशी विवाह केला. त्यांना दोन मुली व एक मुलगा झाला.

टेक्ससमधील फोर्ट ब्लिस येथे काम थोडे आणि वेळ भरपूर होता. या काळात त्यांनी मंगळमोहिमेचा सविस्तर आराखडा लिहिला. दहा याने, ७० माणसे, आणि ही याने पृथ्वीच्या कक्षेत जोडण्यासाठी ९५० उड्डाणे, असा त्याचा हिशेब होता. १९५२ साली तो जर्मनीत व पुढील वर्षी अमेरिकेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेत जाहीर लिहिता न आलेला विषय त्यांनी आता मासिकांतून आणि वॉल्ट डिस्नेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून घरोघरी पोहोचवला. १९५५ साली त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

१९५० साली त्यांचा गट अलाबामा राज्यातील हन्ट्सव्हिल येथे आला. ऑक्टोबर १९५७मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक कक्षेत गेला, डिसेंबरमध्ये अमेरिकन नौदलाचे व्हॅनगार्ड रॉकेट जागेवरच कोसळले. त्यानंतर फॉन ब्राउन यांच्या गटाच्या रॉकेटने ३१ जानेवारी १९५८ रोजी एक्सप्लोरर १ हा पहिला अमेरिकन उपग्रह कक्षेत नेला. १९६० साली ते नासाच्या मार्शल अंतराळ उड्डाण केंद्राचे पहिले संचालक झाले.

हन्ट्सव्हिलचे विद्यापीठ

हन्ट्सव्हिल हे कापूस व्यापाराचे लहान गाव होते. तेथे आलेल्या तरुण अभियंत्यांना नोकरी करीत पुढे शिकण्याची सोय तुटपुंजी होती. जून १९६१मध्ये फॉन ब्राउन यांनी अलाबामाच्या विधिमंडळासमोर भाषण करून संशोधन संस्थेसाठी ३० लाख डॉलरांची मागणी केली. उद्योग हे विद्यापीठाच्या मागोमाग येतात, असा त्यांचा मुद्दा होता. निधी मंजूर झाला. तेथील शाखेचे १९६९ साली स्वायत्त विद्यापीठ झाले व आज तेथे यंत्र आणि वांतरिक्ष अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. ज्याला स्वतःला हा विषय लष्करी कुंपणाआड शिकावा लागला, त्याने तो खुल्या वर्गात आणण्यास हातभार लावला. त्यांच्या कार्यातील हा भाग सॅटर्नच्या झगमगाटात झाकला गेला आहे.

सॅटर्न ५

सॅटर्न ५ची उंची ११० मीटर आणि भरलेल्या अवस्थेतील वजन सुमारे २,९०० टन होते. पहिल्या टप्प्यात एफ-१ प्रकारची पाच इंजिने होती. एकेका इंजिनाचा रेटा व्ही-२च्या सुमारे सत्तावीसपट. कुमर्सडोर्फला भेडसावलेला जुनाच प्रश्न येथे अवाढव्य रूपात उभा राहिला. इंधनाचे मिश्रण एकसारखे न जळता कक्षात दाबाच्या लाटा उठत आणि इंजिन क्षणार्धात फुटे. अभियंत्यांनी चालू इंजिनात मुद्दाम लहान स्फोट घडवून लाटा निर्माण केल्या आणि इंधन फवारणाऱ्या तबकडीवर आडव्या-उभ्या पट्ट्या बसवून त्या किती लवकर शमतात ते पाहिले. सुमारे दोन हजार चाचण्यांनंतर इंजिन भरवशाचे झाले.

फॉन ब्राउन हे या इंजिनांचे एकटे रचनाकार नव्हते. त्यांचे बळ माणसे एकत्र बांधण्यात होते. प्रत्येक विभागाकडून दर आठवड्याला एका पानाचे टिपण मागवून, त्यावर समासात हाताने शेरे लिहून, ते सर्व विभागांत फिरवण्याची पद्धत त्यांनी पाडली होती. मतभेद पचवण्याची तयारीही त्यांच्यात होती. चंद्राच्या कक्षेत यानांची भेट घडवण्याची जॉन हूबोल्ट यांची कल्पना त्यांच्या केंद्राला प्रथम मान्य नव्हती. जून १९६२मध्ये हिशेब पाहून त्यांनी स्वतःच्या सहकाऱ्यांसमोर तिच्या बाजूने कौल दिला.

१६ जुलै १९६९ रोजी सॅटर्न ५ने अपोलो ११ला चंद्राच्या दिशेने नेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत फॉन ब्राउन यांनी न्यू ऑर्लिन्स येथील जर्मन वकिलातीत, डोराच्या रक्षकांविरुद्धच्या खटल्यासंबंधी साक्ष दिली होती. सॅटर्न ५ प्रकल्पाचे व्यवस्थापक आर्थर रुडोल्फ हे मिटेलवेर्कमध्ये उत्पादनप्रमुख होते. त्यांना १९८४ साली अमेरिकन नागरिकत्व सोडून देश सोडावा लागला. तोवर फॉन ब्राउन हयात नव्हते.

अखेरची वर्षे

१९७० साली ते नासाच्या वॉशिंग्टन येथील मुख्यालयात नियोजन विभागात गेले. चंद्रानंतर मंगळ ही त्यांची योजना शासनाने स्वीकारली नाही. १९७२ साली नासा सोडून ते फेअरचाइल्ड या कंपनीत उपाध्यक्ष झाले. या कंपनीने बांधलेल्या एटीएस-६ या उपग्रहाचा भारताशी जवळचा संबंध आहे. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ साली झालेल्या करारानुसार, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात या उपग्रहाद्वारे भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचवण्यात आले. हाच साइट प्रयोग होय.

कर्करोगाने १६ जून १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. अलेक्झांड्रिया येथील आयव्ही हिल दफनभूमीतील त्यांच्या साध्या शिळेवर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि बायबलमधील एका स्तोत्राचा क्रमांक एवढेच कोरलेले आहे.

चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. हन्ट्सव्हिलमधील सभागृह आणि विद्यापीठातील संशोधन इमारतही त्यांच्या नावाने ओळखली जाते. जर्मनीत बव्हेरियातील फ्रीडबर्ग येथील एका माध्यमिक शाळेला त्यांचे नाव होते. डोरातील घटनांवरून अनेक वर्षे वाद झाल्यानंतर २०१४ साली ते काढून टाकण्यात आले.